अमेरिकेत शेतावर मजूर ठेवलेत? पगारकराचा फॉर्म मजुराच्या कामावरून ठरतो

अमेरिकेत माणसे कामाला ठेवणारा जवळजवळ प्रत्येक धंदा तिथल्या केंद्रीय कर खात्याकडे, म्हणजे आयआरएसकडे, दर तिमाहीला फॉर्म ९४१ भरतो. शेतकऱ्यासाठी वाट वेगळी आहे. त्याने वर्षातून एकदाच फॉर्म ९४३ भरायचा. वर्षातून चार विवरणपत्रांऐवजी एक, म्हणजे खरे तर सोय. तरीही शेतावरच्या पगारकराचे निम्मे घोळ इथेच सुरू होतात, कारण पगाराचे सॉफ्टवेअर आणि शहरातला अकाउंटंट या दोघांच्याही हाताला ९४१ची सवय असते. कुणी मुद्दाम निवडला नाही तर ९४१च भरला जातो.

भारतात शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, त्यामुळे तिकडे बदामाची बाग किंवा द्राक्षाचा मळा घेणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला ‘शेतावर कसला आलाय कर’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इथे प्रश्न मालकाच्या उत्पन्नाचा नाही. मजुराच्या मजुरीतून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी पेन्शन योजनेचे) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचे) १.४५ टक्के कापायचे, तेवढीच भर मालकाने स्वतःच्या खिशातून घालायची आणि सगळे मिळून १५.३ टक्के सरकारकडे भरायचे, असा हा मामला आहे. त्यावर मजुराने भरून दिलेल्या डब्ल्यू-४ प्रमाणे, म्हणजे किती आयकर कापायचा ते सांगणाऱ्या फॉर्मप्रमाणे, आयकरही कापायचा. यातला मजुराच्या वाट्याचा पैसा मालकाकडे विश्वासाने ठेवलेला असतो. तो न भरल्यास कंपनीचा आडपडदा चालत नाही. ज्याच्या हातात भरण्याचा अधिकार होता त्याच्यावर व्यक्तिशः तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो.

(पुढचे आकडे जिथे वेगळे सांगितले नाही तिथे २०२५ साली दिलेल्या मजुरीचे आहेत.)

आधी काम कोणते ते पाहा

कोणता फॉर्म, हे धंद्याच्या नावावरून ठरत नाही आणि माणसाच्या हुद्द्यावरूनही नाही. त्या माणसाने त्या तासांत काय केले, कुठे केले आणि कोणासाठी केले, यावरून ते ठरते.

जमीन कसणे, पीक काढणे, जनावरे, कोंबड्या, मधमाश्या पाळणे ही शेतीची कामे आहेत, यात वाद नाही. गोठा, फळबाग, रोपवाटिका आणि मुख्यतः पीक घेण्यासाठी वापरले जाणारे ग्रीनहाउस, हे सगळे कायद्याच्या लेखी शेत. शेताच्या मालकाने किंवा कसणाऱ्याने स्वतः ठेवलेला ट्रॅक्टर-मेकॅनिक, सुतार, रंगारी, पाणी देणारा, एवढेच काय हिशेबनीसही शेतीकामात मोडतो, पण अट अशी की त्याच्या कामाचा मोठा भाग शेतावर झाला पाहिजे. तोच हिशेबनीस तीस मैलांवरच्या शहरातल्या ऑफिसात बसत असेल तर तो ९४१चा. आणि बाहेरच्या गॅरेजने पाठवलेला मेकॅनिक तुमचा नोकरच नाही, त्याचा पगारकर त्या गॅरेजने पाहायचा.

खरी गुंतागुंत माल खळ्यातून बाहेर पडल्यावर सुरू होते. प्रतवारी, वाळवणे, पॅकिंग, साठवण, बाजारात पोचवणे ही कामे शेतीची धरली जातात, पण माल मूळ स्वरूपात असला पाहिजे आणि त्या मालातला निम्म्याहून जास्त तुम्ही स्वतः पिकवलेला असला पाहिजे. हा निम्म्याचा हिशेब वर्षाच्या सरासरीवर होत नाही. तो त्या पगाराच्या कालावधीत हाताळलेल्या मालावर होतो, आणि एकेका पिकाचा वेगळा. सगळी सफरचंदे मिळून एक पीक. सफरचंदे आणि पीच ही दोन पिके. म्हणजे तुमच्या पॅकिंग शेडमध्ये एका पंधरवड्यात शंभर पेट्या पीच गेल्या, त्यातल्या साठ तुमच्या आणि चाळीस शेजाऱ्याच्या, तर पीचचे काम शेतीचे. त्याच पंधरवड्यात सफरचंदाच्या शंभर पेट्यांपैकी सत्तर शेजाऱ्याच्या असतील तर सफरचंदाचे काम शेतीचे नाही. दोन्हीची सरासरी काढून पळवाट निघत नाही. शेजाऱ्याचा माल भाड्याने पॅक करून देण्याचा जोडधंदा वाढत गेला की ही रेषा हंगामाच्या मध्यावर नकळत ओलांडली जाते, आणि शेडच्या दारावर आवक लिहिणारे कोणी नसेल तर नंतर सिद्ध करायला हातात काही राहत नाही.

माल मूळ रूपातून बदलला की काम शेतीचे राहत नाही. द्राक्षे तोडणे शेती. त्यांची वाइन करणे नाही. व्यापारी कॅनिंग किंवा फ्रीझिंगचा कारखाना नाही. वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्यांना पेले भरून देणारा माणूस तर अजिबात नाही. दुसरीकडून आणलेली रोपे फक्त मांडून विकणारे दुकान, मग त्याचे छप्पर ग्रीनहाउसचे का असेना, शेतीत येत नाही.

कॅलिफोर्नियात लोडायजवळ एक द्राक्षमळा आहे, त्याला लागून छोटी वाइनरी आणि टेस्टिंग रूम आहे, असे धरून चालू. छाटणी, फवारणी, तोडणी करणारे ९४३वर. वाइनरीतले आणि टेस्टिंग रूममधले ९४१वर. मालक एक, कर-क्रमांक म्हणजे ईआयएनही एकच, पण फॉर्म दोन. दोन्हींचे पैसे एकत्र करून एकाच फॉर्मवर दाखवता येत नाहीत. एखादा माणूस सकाळी बागेत आणि दुपारी टेस्टिंग रूममध्ये असेल तर हजेरीपत्रकात त्याला दोन रकाने द्या आणि तास त्याच दिवशी लिहून घ्या. महिनाअखेरीस आठवून केलेली विभागणी तपासणीत टिकत नाही.

छोट्या मालकांसाठी फॉर्म ९४४ नावाचा आणखी एक वार्षिक फॉर्म आहे, वर्षाचा पगारकर १,००० डॉलरच्या आत असेल तर. ‘मीही छोटाच’ म्हणून शेतकरी तिकडे वळतो. फक्त शेतमजूर असलेल्या मालकाला तो लागू नाही. शेतकऱ्याचा वार्षिक फॉर्म ९४३च.

दीडशे आणि अडीच हजार

सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कधी लागतात, याच्या दोन कसोट्या आहेत. एका मजुराला वर्षात १५० डॉलर किंवा जास्त रोख मजुरी दिली, तर त्या मजुराला लागतात. किंवा सगळ्या शेतमजुरांवर मिळून रोख आणि वस्तुरूप खर्च २,५०० डॉलर किंवा जास्त झाला, तर सगळ्यांना लागतात. दोन्ही कसोट्या पुऱ्या व्हाव्या लागत नाहीत, एक पुरेशी.

वर्षभरात तीन जणांना ९००, १,१८० आणि १२० डॉलर दिले. एकूण २,२००, म्हणजे दुसरी कसोटी लागत नाही. पहिल्या दोघांना पहिली कसोटी लागते, त्यांचा कर भरायचा. १२० वाल्याचा नाही. आता त्याच वर्षी कुंपणासाठी चौथा माणूस लावून त्याला ४०० दिले की एकूण २,६०० होते, आणि १२० वालाही आत येतो. ही गोष्ट वर्ष संपताना कळते आणि तेव्हा तो माणूस दुसऱ्या राज्यात निघून गेलेला असतो. म्हणून एकूण खर्च २,५००च्या वर जाणार असे दिसत असेल तर पहिल्या मजुरीपासूनच कापा. नाही कापले तर मजुराचा वाटाही शेवटी मालकाच्याच अंगावर येतो.

एक अरुंद अपवाद आहे. हाताने तोडणी करणारा हंगामी मजूर, त्या भागात जे काम रिवाजाने उक्ते दिले जाते ते उक्तेच करणारा, रोज स्वतःच्या कायमच्या घरून ये-जा करणारा आणि मागच्या कॅलेंडर वर्षात शेतीत १३ आठवड्यांपेक्षा कमी काम केलेला, अशा माणसाला वर्षात १५० डॉलरच्या आत रोख मजुरी दिली तर एकूण खर्च कितीही असो, त्याला हे कर नाहीत. चारही अटी एकत्र लागतात. त्याला दिलेली मजुरी मात्र इतरांसाठीच्या २,५००च्या बेरजेत धरायची.

शेतमजुरीच्या दोन खास तरतुदी इतर धंद्यांत नाहीत. पहिली वस्तुरूप मजुरीची. राहायला खोली, जेवण, धान्य, वासरू अशा रूपात दिलेल्या शेतमजुरीवर सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर लागत नाही. आयकरही मजूर आणि मालक दोघांची संमती असेल तरच कापायचा. पण मजुराचे ते उत्पन्न असतेच. त्यामुळे डब्ल्यू-२च्या, म्हणजे मजुराला द्यायच्या वार्षिक पगार-दाखल्याच्या, रकाना १मध्ये (आयकराची मजुरी) त्याची बाजारभावाने किंमत येते, रकाना ३ आणि ५मध्ये (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची मजुरी) येत नाही. सॉफ्टवेअर तिन्ही रकान्यांत एकच आकडा टाकत असेल तर तिथेच शंका घ्या. ही तरतूद ताणून ‘मका दिला आणि त्याच दिवशी मीच विकून त्याला पैसे दिले’ असे केले तर आयआरएस ती रोख मजुरीच धरते. माल मजुराच्या ताब्यात गेला पाहिजे, चढउताराची जोखीम त्याची असली पाहिजे आणि विकायचा निर्णयही त्याचा.

दुसरी तरतूद कमी माहीत असलेली आहे. पुष्कळ शेतकरी मजुरीतून काही न कापता मजुराच्या वाट्याचे ७.६५ टक्केही स्वतःच भरतात. इतर धंद्यांत असे भरलेले पैसे पुन्हा पगारात मिळवून त्यावर परत कर मोजावा लागतो. शेतमजुराच्या बाबतीत ती रक्कम सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरच्या मजुरीत मिळवायची नाही, फक्त रकाना १मध्ये धरायची. १०,००० डॉलर मजुरीवर मालकाने मजुराचे ७६५ भरले, तर रकाना १मध्ये १०,७६५ आणि रकाना ३ व ५मध्ये १०,०००.

भरणा आणि विवरणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी

फॉर्म वर्षातून एकदा म्हणून पैसेही वर्षातून एकदा, हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. वर्षाचा एकूण कर २,५०० डॉलरच्या आत असेल तरच तो फॉर्मसोबत भरता येतो. त्यापुढे भरणा वर्षभर, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने.

दर महिन्याला की आठवड्यातून दोनदा, हे दोन वर्षांपूर्वीच्या करावरून ठरते. २०२५साठी २०२३चा फॉर्म ९४३ काढा. त्यात एकूण कर ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. जास्त असेल तर आठवड्यातून दोनदाचे वेळापत्रक लागते : बुधवार, गुरुवार, शुक्रवारी पगार झाला तर पुढच्या बुधवारपर्यंत, आणि शनिवार ते मंगळवारी झाला तर त्यानंतरच्या शुक्रवारपर्यंत. नव्या मालकाचा मागचा कर शून्य धरला जातो, म्हणून सुरुवात महिन्याच्या वेळापत्रकाने होते. पण कोणाचाही कर एका दिवशी एक लाख डॉलर किंवा जास्त साचला तर दुसऱ्याच कामाच्या दिवशी भरायचा. आठवड्यातून दोनदाच्या वेळापत्रकावर असणाऱ्याने फॉर्मसोबत ९४३-ए जोडायचा. त्यात कोणत्या तारखेला किती देणे उत्पन्न झाले ते लिहायचे असते, कोणत्या तारखेला किती भरले ते नाही. ही अदलाबदल झाली की भरणा वेळेवर असूनही दंडाची नोटीस येते.

देणे मजुरी दिल्याच्या तारखेला उत्पन्न होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले काम, पैसे ३ जानेवारीला दिले, तर ते पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर.

वाइनरीवाल्या मालकाने इथे जपून राहावे. ९४१ आणि ९४३ची वेळापत्रके स्वतंत्रपणे ठरतात, त्यांच्या रकमा एकत्र करून भरायच्या नसतात. बागेचा भरणा महिन्याला आणि वाइनरीचा आठवड्याला असेही होऊ शकते. ऑनलाइन भरताना फॉर्मचा क्रमांक निवडावा लागतो. बागेचे पैसे ९४१वर टाकले की आयआरएसच्या वहीत एका खात्यावर जादा रक्कम आणि दुसऱ्यावर थकबाकी दिसते. उशिराचा दंड एक ते पाच दिवसांना २ टक्के, सहा ते पंधरा दिवसांना ५ टक्के आणि त्यापुढे १० टक्के. भरणा न करता पैसे सरळ फॉर्मसोबत पाठवले तरी १० टक्के.

फॉर्म ९४३ची मुदत पुढच्या वर्षीची ३१ जानेवारी. सगळे भरणे वेळेवर आणि पूर्ण असतील तर १० फेब्रुवारीपर्यंत सवलत. मुदतीचा दिवस शनिवार-रविवारी आला तर पुढचा कामाचा दिवस. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत मजुरांची संख्या विचारतात, ती १२ मार्च ज्या पगार-कालावधीत येतो त्या कालावधीची. सप्टेंबरात तोडणीला चाळीस माणसे होती आणि मार्चमध्ये दोन, तर तिथे दोनच लिहायचे. आकडा लहान दिसतो म्हणून चाळीस लिहू नका. एखाद्या वर्षी मजूरच नव्हते तरीही फॉर्म भरायचा. कायमचे थांबवत असाल तर ‘शेवटचे विवरणपत्र’ ही चौकट खूण करून भरायचा, नाहीतर दरवर्षी विचारणा येत राहते.

एच-२ए व्हिसावरचे मजूर

एच-२ए हा परदेशातून हंगामी शेतकामासाठी येणाऱ्यांचा व्हिसा. या मजुरांच्या मजुरीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही, मजुराचा वाटाही नाही आणि मालकाचाही नाही. आयकर कापणे सक्तीचे नाही. मजुराने मागितले आणि मालकाने मान्य केले तर डब्ल्यू-४ घेऊन कापायचा. वर्षात ६०० डॉलर किंवा जास्त दिले तर डब्ल्यू-२ द्यायचा, त्यात रकाना १ भरायचा, ३ आणि ५ रिकामे. १०९९, म्हणजे नोकर नसलेल्यांना दिलेल्या पैशाचा दाखला, द्यायचा नाही, ही चूक फार दिसते. मजुराने सोशल सिक्युरिटी क्रमांक किंवा करदाता क्रमांक दिलाच नाही आणि रक्कम ६००वर गेली तर २४ टक्के कापून ते फॉर्म ९४५वर (पगाराबाहेरच्या कपातीच्या विवरणपत्रावर) भरायचे आणि तेव्हाच १०९९-एमआयएससी द्यायचा.

एकाच सरीवर एच-२एवाला आणि स्थानिक मजूर शेजारी शेजारी काम करत असतात. स्थानिकाला कर लागतो, दुसऱ्याला नाही. सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्याचा प्रकार चुकीचा निवडला तर एच-२एवाल्याच्या मजुरीतून सबंध हंगाम ७.६५ टक्के कापले जातात आणि तो मायदेशी परतल्यावर परत करणे किती कटकटीचे होते ते वेगळे सांगायला नको. पहिल्या पगाराची चिठ्ठी डोळ्याखालून घाला.

मुकादम आला की मालक कोण?

टोळी घेऊन येणारा मुकादम मजूर पुरवतो आणि त्यांची मजुरीही तोच देतो, मग ती स्वतःच्या पैशातून असो की तुमच्या. ‘मुकादम हा शेतकऱ्याचा नोकर आहे’ असा लेखी करार नसेल तर त्या मजुरांचा मालक मुकादम. ९४३ त्याने, त्याच्या क्रमांकावर भरायचा. तुम्ही त्याचे नाव, पत्ता आणि ईआयएन लिहून ठेवायचा आणि त्याच्या कामाच्या मोबदल्यासाठी त्याला १०९९-एनईसी द्यायचा. २०२५पर्यंतच्या रकमांसाठी त्याची मर्यादा ६०० डॉलर होती, १ जानेवारी २०२६पासून दिलेल्या रकमांसाठी २,००० आहे. ईआयएन देत नसेल तर पुन्हा २४ टक्के कापायचे आणि फॉर्म ९४५.

मजुरांना थेट १०९९ देऊन मोकळे होण्याचा मोह मात्र टाळा. कोणत्या ओळीत, किती वाजता, कसे तोडायचे हे तुम्ही किंवा तुमचा फोरमन सांगत असेल तर तो मजूर नोकर आहे, कागदावर त्याला कंत्राटदार म्हटल्याने काही बदलत नाही. पिकाचा वाटा घेऊन, पीक येईल तसे मिळेल या बोलीवर बटाईने जमीन कसणारा मात्र सहसा स्वयंरोजगारी.

घरचे लोक आणि घरकाम

आईबापांच्या वैयक्तिक मालकीच्या शेतावर, किंवा फक्त आईबापच भागीदार असलेल्या शेतावर, १८ वर्षांखालच्या मुलाला पगार दिला तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर नाही. केंद्राचा बेरोजगारी कर (त्याचे पुढे येतेच) तर २१ वर्षांपर्यंत नाही. शेत कॉर्पोरेशनच्या नावावर केले की ही सूट जाते, मग त्या कॉर्पोरेशनचे सगळे शेअर आईबापांचेच का असेनात. शेत कंपनीत बदलण्याचा सल्ला देणारे हे क्वचित सांगतात. नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याला पगार दिला तर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर लागते, बेरोजगारी कर नाही.

शेतावरच्या तुमच्या घरात स्वयंपाक किंवा मुले सांभाळायला ठेवलेली बाई शेतमजूर नाही. शेत नफ्यासाठी चालत असेल तर तिचा कर वैयक्तिक विवरणपत्रासोबत शेड्यूल एचवर दाखवता येतो किंवा ९४३मध्ये घालता येतो, निवड तुमची. तिचा पगार शेतीचा खर्च म्हणून वजा होत नाही, एवढे लक्षात ठेवा.

फॉर्म ९४० : हंगामाच्या एका तिमाहीत बसणारा फटका

केंद्राचा बेरोजगारी कर फॉर्म ९४०वर जातो. तो पूर्णपणे मालकाचा, मजुराकडून काही कापायचे नाही. इतर धंद्यांना तो तिमाहीत १,५०० डॉलर पगारावर लागतो. शेतमजुरीला मर्यादा बरीच वर आहे. चालू किंवा मागच्या वर्षाच्या कोणत्याही एका तिमाहीत शेतमजुरांना २०,००० डॉलर किंवा जास्त रोख दिले असतील, किंवा वर्षातल्या २० वेगवेगळ्या आठवड्यांत दहा किंवा जास्त शेतमजूर, दिवसाचा थोडा वेळ का होईना, कामाला असतील, तरच तो लागतो. दहा जण एकाच वेळी शेतावर असायला हवेत असे नाही, आणि तेच दहा असायला हवेत असेही नाही.

मघाच्या मळ्यावर दोन कायम मजूर आहेत, वर्षाला ३८,००० आणि २९,५०० डॉलरचे. तिमाहीला दोघांचे मिळून १६,८७५. मर्यादेच्या आत. तोडणीच्या तिमाहीत नऊ जण काही आठवडे आले, त्यांना सगळ्यांना मिळून ४,००० दिले. त्या तिमाहीची बेरीज २०,८७५, आणि ९४० लागू झाला. फक्त त्या तिमाहीला नाही, पूर्ण वर्षाला. आणि ‘मागच्या वर्षी’ या शब्दामुळे पुढच्या वर्षालाही.

कर प्रत्येक माणसाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के, पण राज्याचा बेरोजगारी कर वेळेवर भरला तर ५.४ टक्क्यांपर्यंत वजावट, म्हणून हातात ०.६ टक्के. मळ्याचे करपात्र वेतन ७,००० अधिक ७,००० अधिक ४,०००, म्हणजे १८,०००. कर १०८ डॉलर. कॅलिफोर्नियात मात्र राज्याने केंद्राकडून घेतलेले बेरोजगारी निधीचे कर्ज फेडलेले नसल्याने ही वजावट २०२२पासून दरवर्षी ०.३ टक्क्यांनी घटत गेली. २०२५साठी घट १.२ टक्के, म्हणजे दर १.८ आणि मळ्याचा कर ३२४. ही घट फॉर्मच्या शेड्यूल एवर दाखवायची. एखाद्या तिमाहीअखेर देणे ५०० डॉलरवर साचले तर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत भरायचे.

एच-२एवाल्यांच्या मजुरीवर हा कर नाही, पण कसोटी मोजताना त्यांची माणसे आणि मजुरी दोन्ही धरायची. ‘त्यांना कर नाही म्हणून मोजायचेही नाही’ असा तर्क करून कित्येक जण ९४० चुकवतात. टेस्टिंग रूमच्या नोकरांची कसोटी वेगळी, १,५००ची. ती पुरी झाली म्हणून बागेतल्यांना कर लागत नाही. दोन्ही लागले तर फॉर्म मात्र एकच.

राज्याचे कागद वेगळेच. कॅलिफोर्नियात शेतकऱ्यालाही डीई ९ आणि डीई ९सी दर तिमाहीला भरावे लागतात, वार्षिक सवलत फक्त केंद्राच्या फॉर्मला आहे.

डब्ल्यू-३ वरची चौकट, आणि चुकीचा फॉर्म गेला तर

प्रत्येक मजुराचा डब्ल्यू-२ आणि सगळ्यांची बेरीज असलेला डब्ल्यू-३ जानेवारीअखेर सोशल सिक्युरिटी खात्याकडे जातो. वर्षात सगळ्या प्रकारचे मिळून दहा किंवा जास्त फॉर्म असतील तर ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच पाठवायचे. डब्ल्यू-३वर मालकाच्या प्रकारची चौकट असते : ९४१, ९४३ वगैरे. बागेतल्यांचा एक डब्ल्यू-३, त्यावर ९४३ची खूण. वाइनरीचा वेगळा, त्यावर ९४१ची. दोन्हीकडे काम केलेल्याला दोन डब्ल्यू-२. पुढे या बेरजा तुमच्या विवरणपत्रांशी जुळवून पाहिल्या जातात. ९४३ नीट भरला आणि डब्ल्यू-३वर ९४१ची खूण राहिली, तर ‘तुमचे ९४१ कुठे आहेत’ असे पत्र येते, कधी वर्ष-दीड वर्षाने.

मुळात ईआयएन घेतानाच अर्जात, म्हणजे एसएस-४वर, शेतमजूर, घरकामगार आणि इतर असे तीन वेगळे आकडे विचारतात. तिथे सगळे ‘इतर’मध्ये लिहिले तर आयआरएसच्या नोंदीत तुम्ही ९४१वाले होता. सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : एकाच ईआयएनवर ९४१ आणि ९४३ दोन्ही चालवता येतात का? गोलमोल उत्तर मिळाले तर दुसरे पाहा.

शेतमजुरांसाठी चुकून ९४१ भरले गेले असतील तर क्रम असा ठेवा. आधी त्या वर्षाचा ९४३ पूर्ण आकड्यांनिशी भरा. मग प्रत्येक चुकीच्या तिमाहीसाठी ९४१-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून तिथली मजुरी शून्यावर आणा आणि कारणाच्या जागेत स्पष्ट लिहा की हे शेतमजूर होते, मजुरी ९४३वर दाखवली आहे. त्यानंतर आयआरएसला कळवून ९४१वर जमा झालेले भरणे, तारीख आणि रकमेनिशी, ९४३वर वळवून घ्या. हा शेवटचा टप्पा राहिला तर ९४३वर ‘काहीच भरले नाही’ म्हणून दंड लागतो आणि पैसे ९४१वर पडून राहतात. ९४३मध्येच आकडा चुकला असेल तर दुरुस्ती ९४३-एक्सवर. विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांपर्यंत ती करता येते, आणि वेळेवर भरलेले विवरणपत्र पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलला भरले असे या मोजणीसाठी धरतात. जुन्या मार्गदर्शकाची, प्रकाशन ५१ची, प्रत कपाटात असेल तर ती २०२३पर्यंतचीच समजा. शेतमालकांचे नियम २०२४पासून प्रकाशन १५मध्ये मिळवले आहेत.